विहिरीवरचा संशयित

विजेचं बिल आलं की कोकणातल्या घरात आधी खालची रक्कम बघतात आणि मग खिडकीतून विहिरीकडे बघतात. मधला मजकूर कुणी वाचत नाही. तिथं स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो, १६ टक्के वीज शुल्क असतं, मागच्या महिन्यांचा वापर दाखवणारे उभे खांबही असतात. महावितरणनं एवढा पुरावा छापून दिलेला असताना घराला त्याची गरज पडत नाही. "पंप फार चालतो हल्ली," असं कुणीतरी म्हणतं, बाकीचे माना डोलावतात, आणि प्रकरण मिटतं.

हे कुणीतरी म्हणजे ज्यांच्या पेन्शनमधून बिल जातं ते. आमच्याकडे अण्णा.

पंपाचा मुख्य गुन्हा असा की तो आवाज करतो. बटण दाबलं की घरातले दिवे क्षणभर मंद होतात, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. मग विहिरीवरून घरघर सुरू होते. मग शेजारच्या पडवीतून हाक येते, "पंप लावलात काय?" इतकी प्रसिद्धी घरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूला मिळत नाही. गिझर न्हाणीघराच्या भिंतीवर एवढासा तांबडा दिवा लावून २००० वॉट गिळत बसतो, कुणाला पत्ता नसतो. फ्रिज रात्री दोन वाजता एकदा खाकरतो आणि पुन्हा कामाला लागतो. टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स तर टीव्ही बंद झाल्यावरही जागाच असतो. दहा वॉटच खातो, पण चोवीस तास खातो. महिन्याला सात युनिटं होतात. त्याच्यावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. उलट त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून विणलेला रुमाल आहे.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतात. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यावर चौथा. शंभरी ओलांडली की दर एकदम अंगावर येतो. आता शंभराच्या आतली युनिटं कुणाची आणि वरची कुणाची, हे मीटरला माहीत नसतं. घराला पक्कं माहीत असतं. स्वस्तातली युनिटं पंख्यांची, फ्रिजची, देवघरातल्या दिव्याची आणि रात्रीच्या मालिकांची. महागातली युनिटं पंपाची. महिन्याच्या पहिल्याच सकाळी पंप लावला तरी त्याची युनिटं शंभराच्या वरच पडतात. असं मीटर जगात कुठं नाही, पण असा हिशेब घरोघरी आहे.

म्हणून पंपाचं बटण पडवीत उंचावर असतं आणि त्यावर हुकमत असते. घरातली दहावीतली मुलगी गिझर लावताना कुणाला विचारत नाही. एसी असेल तर तो जावयाच्या इच्छेवर चालतो. पंपाला मात्र परवानगी लागते. "अण्णा, पंप लावू का?" असं वहिनी विचारते. अण्णा आधी घड्याळाकडे बघतात, मग टाकीच्या दिशेला बघतात, जिथून टाकी दिसत नाही, आणि म्हणतात, "काल लावला होता ना?" जणू कालचं पाणी आज संपणं हा हलगर्जीपणा आहे.

गेल्या उन्हाळ्यात इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या सुट्टीवर आला होता. त्याच्यासमोर हा खटला चालला आणि त्यानं आरोपीचं वकीलपत्र घेतलं. बिल पाठकोरं होतं, त्यावर त्यानं गणित मांडलं. पंप एक एचपीचा. वीज खातो साधारण एक किलोवॉट. हजार लिटरची टाकी भरायला अर्धा तास. म्हणजे रोजचं अर्धं युनिट, महिन्याची १५ युनिटं.

"एवढंच?" अण्णांनी विचारलं. त्यांच्या आवाजात दिलासा नव्हता, निराशा होती. वर्षानुवर्षं ज्याला धरून ठेवलं तो एवढ्यात सुटतो म्हणजे काय?

"आता गिझरचं बघा," पुतण्या म्हणाला. "२० लिटरची एक बादली २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायची तर जवळजवळ अर्धं युनिट लागतं. म्हणजे एका माणसाच्या एका बादलीत अख्खी टाकी भरते."

पडवीत शांतता पसरली. कोकणात एके काळी आंघोळीचं पाणी चुलाणावर, नारळाच्या सोडणांवर आणि झावळ्यांवर तापायचं. त्या हंड्याचं बिल येत नसे. गिझर आला तो मुंबईहून मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांच्या सोयीसाठी. चाकरमानी परत गेले, गिझर राहिला. आणि एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा आंगणात पाय ठेवला तर चटका बसतो, तेव्हाही आमच्या घरात सहा माणसं सहा बादल्या कढत पाण्यानं आंघोळ करतात, कारण "गार पाणी सोसत नाही." तीन युनिटं होतात रोजची. तरी गिझरचं नाव निघालं की अण्णा म्हणतात, "ते काय, दहा मिनिटं तर असतं!" पंप अर्धा तास असतो. वेळेच्या हिशेबात पंपच दोषी.

पुतण्यानं पंख्याचंही काढलं. जुना पंखा ७५ वॉटचा. रात्रभर दहा तास फिरला की पाऊण युनिट. म्हणजे एका पंख्याच्या एका रात्रीत टाकी दीड वेळा भरते. आमच्याकडे रात्री चार पंखे फिरतात, त्यातला एक रिकाम्या खोलीत, कारण त्याचा रेग्युलेटर बिघडलाय आणि एकदा बंद केला तर पुन्हा सुरू होईल की नाही याची खात्री नाही.

एवढं होऊनही खटला सुटला नाही, उलट बिघडला. कारण पुतण्यानं उत्साहाच्या भरात आत्याला मध्ये घेतलं. "आत्या, तू लहानपणी राहाटानं पाणी ओढायचीस ना? दहा लिटरची कळशी दहा मीटरवरून वर आणायची. अशा शंभर कळशा काढल्यास म्हणजे एक टाकी. त्याला शुद्ध काम किती लागतं माहितीये? ०.०२७ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर सत्तावीस पैसे."

आत्या वाल सोलत होती. तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"सत्तावीस पैसे?"

"म्हणजे शास्त्राप्रमाणे."

"शंभर कळशांचे?"

"हो."

"आणि डोक्यावरून घरात आणून हंड्यात ओतायचे?"

पुतण्या म्हणाला की पाणी आडवं नेलं तर शास्त्राप्रमाणे काम शून्य धरतात. त्यानंतर आत्या त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच, "तुझं ते शास्त्र बाप्यांनी लिहिलेलं असणार."

शास्त्राची गोष्ट निघालीच आहे तर एचपीचंही बघून टाकू. हे माप जेम्स वॉट नावाच्या स्कॉटलंडच्या गृहस्थांचं. अठराव्या शतकात त्यांना वाफेची इंजिनं विकायची होती आणि गिऱ्हाईक विचारायचं, यात घोडे किती? त्यांनी एका घोड्याच्या कामाचा हिशेब बांधून दिला: मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणं. आजच्या भाषेत ७४६ वॉट. गंमत अशी की त्यांची सुरुवातीची इंजिनं मुख्यतः खाणीतलं पाणी उपसायलाच लागत. म्हणजे पंपाची ताकद घोड्यांत मोजायची खोड पहिल्यापासून आहे. धडधाकट माणूस दिवसभर काम करायचं म्हटलं तर जेमतेम ७५ वॉट देतो. म्हणजे एक एचपीचा पंप लावला की विहिरीवर दहा गडी उभे राहतात. ते जेवायला मागत नाहीत, पानसुपारी मागत नाहीत, दुपारी झोपत नाहीत. घरात दहा गडी अर्धा तास राबवून पाच रुपये देणारा मालक त्या पाच रुपयांबद्दल महिनाभर कुरकुरतो, याला काय म्हणावं?

एक बारकावा मात्र आहे. पंपाच्या पाटीवर लिहिलेला एचपी म्हणजे मोटर जे देते ते. ती खाते किती, हे बहुतेकांच्या गावी नसतं. ७४६ वॉट द्यायला ती हजाराच्या आसपास घेते. पाटीवर त्याशिवाय आणखी दोन आकडे असतात, हेड आणि डिस्चार्ज. पाणी किती उंच चढवणार आणि मिनिटाला किती लिटर देणार. पंप घेताना बघायचे ते हेच. पण पंप घ्यायला दुकानात गेलेल्या माणसाला दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "किती एचपी देऊ?" आणि माणूस शेजाऱ्याकडे जितका आहे त्याहून अर्धा जास्त सांगतो.

एचपी ही आमच्याकडे प्रतिष्ठेची बाब आहे. महाराष्ट्राला पंपांचं वेड तसं जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. आधी लोखंडी नांगर, पुढे पंप. देशावर मोट गेली, कोकणात राहाट गेला, आणि ज्याच्या विहिरीवर पंप तो मोठा, असा काळ आला. पुढे सगळ्यांच्याच विहिरींवर पंप आले, तेव्हा मोठेपणा एचपीत शिरला. चार माणसांच्या घराला, बैठ्या कौलारू घराच्या टाकीला, अर्ध्या एचपीचा नेमका निवडलेला पंप पुरतो. पण अर्धा एचपी सांगायला लाज वाटते. आमच्या वाडीत एकानं हौसेनं दोन एचपीचा बसवला. तो इतका ताकदवान निघाला की दहा मिनिटांत विहिरीचा तळ दिसायचा. झऱ्याचा वेग काही एचपीनं वाढत नाही. मग पंप बंद करून तासभर विहिरीकडे बघत बसायचं, पाणी जमलं की पुन्हा दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत आजूबाजूच्या तीन घरांतले दिवे निरांजनासारखे मिणमिणायचे. तरीही ते गृहस्थ पाहुण्यांना विहिरीवर नेऊन पंप दाखवत, पाणी दाखवत नसत.

आता पुन्हा पुतण्याच्या कागदाकडे. हजार लिटर पाणी विहिरीतल्या पातळीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत, सगळं मिळून वीस मीटर चढवायचं, तर शुद्ध काम होतं ०.०५५ युनिट. आमचा पंप घेतो अर्धं युनिट. मग बाकीचे नऊ हिस्से जातात कुठं? खटल्याला इथं वेगळं वळण लागतं, कारण इथून पुढे आरोपी बदलतात. घरातल्या लहान पंपाला काही वीज वाया घालवल्याशिवाय चालताच येत नाही. मोटर तापते, पंखा पाणी घुसळतो, ते धरूनच चालायचं. तरी चांगल्या स्थितीतला, योग्य मापाचा पंप हेच काम पाव युनिटाच्या आसपास उरकतो. उरलेलं पाव युनिट आम्ही स्वतःच्या हातानं खर्च करतो.

पहिला चोर फुटवॉल. ओढपाइपच्या तळाशी, पाण्यात, जाळीच्या टोपीत बसलेली ही झडप. पंप बंद झाला की पाइपातलं पाणी खाली पडू नये एवढंच तिचं काम. तिच्यात केर अडकला, वॉशर झिजला की पाणी हळूहळू विहिरीत परत जातं आणि पाइपात हवा शिरते. हवा पाण्याच्या सुमारे आठशे पट हलकी. पंपाचा पंखा तिला फिरवतो, पण ती हलत नाही. पंप फिरतो, मीटर फिरतं, पाणी येत नाही. यालाच पंपानं हवा धरली म्हणतात. मग पंपाला पाणी पाजायचं. तांब्यानं, नरसाळ्यानं, एकानं ओतायचं, दुसऱ्यानं पाइप हलवायचा, तिसऱ्यानं बटणापाशी थांबून "लावू?" असं ओरडायचं, आणि चौथ्यानं "मी कधीपासून सांगतोय" असं म्हणायचं. आमच्याकडे चौथं काम अण्णांकडे आहे.

मेस्त्री आला. त्यानं पंपाला हातही लावला नाही. पंपाकडे लांबून बघितलं, विहिरीत डोकावला आणि म्हणाला, "अण्णानू, पंपाक काय जावक नाय. फुटवॉल गळता."

अण्णांना हे मान्य नव्हतं. फुटवॉल दिसत नाही, आवाज करत नाही, त्याला बटण नाही. अशा गोष्टीला दोष देण्यात समाधान नसतं. "पंपच बदलू का?" त्यांनी विचारलं. दुसरा मेस्त्री असता तर लगेच हो म्हणाला असता. हा सज्जन होता. त्यानं काही रुपयांचा वॉशर बदलला आणि जाताना पाइपाकडे बघून मान हलवली.

कारण दुसरा चोर पाइप. पंपाचं तोंड एक इंची, तर पाइपही एक इंची हवा. पण घर बांधताना कुणाकडे तरी पाऊण इंची पाइप उरलेला असतो आणि कोकणात उरलेली वस्तू वाया घालवणं पाप आहे. तेवढंच पाणी एक इंचीऐवजी पाऊण इंची पाइपातून न्यायचं तर घर्षण चौपटीहून जास्त होतं. अर्धा इंची केला तर बत्तीस पट. त्यात चार ठिकाणी काटकोनात वळवलेला, कारण मध्ये जास्वंद आहे आणि जास्वंद आजीनं लावलेली आहे. पंप मग पाणी कमी आणि जास्वंदीभोवतीचं घर्षण जास्त उचलतो. पाइप एकदाच घ्यायचा होता, तिथं पैसे वाचवले. वीज रोज द्यायची आहे, ती जाणवत नाही.

तिसरी अडचण निसर्गाची. आपण म्हणतो पंप पाणी ओढतो. तो ओढत नाही. तो पाइपातली जागा मोकळी करतो आणि बाहेरची हवा विहिरीतल्या पाण्याला वर ढकलते. हवेच्या दाबाला पाणी १०.३ मीटरपर्यंतच चढवता येतं, आणि व्यवहारात सात-आठ मीटरच्या पलीकडे ओढणारा पंप थकतो. गॅलिलिओनं १६३८ च्या ग्रंथात या अडचणीची नोंद केली, त्याचा शिष्य टॉरिचेली यानं १६४३ मध्ये पाऱ्याची नळी उलटी धरून तिचं कारण दाखवलं, आणि आमच्या वाडीत दर वर्षी मे महिन्यात "यंदा पंपच दमलाय" असं म्हणून ती नव्यानं शोधली जाते.

यावर कोकणानं काढलेला उपाय म्हणजे विहिरीच्या आतला कट्टा. जांभ्या दगडात बांधलेल्या विहिरीत अर्ध्यावर एक कट्टा ठेवायचा आणि पंप त्याच्यावर बसवायचा, म्हणजे तो पाण्याच्या जवळ राहतो. उपाय उत्तम. अट एकच, पावसाआधी पंप वर काढायचा. कोकणात विहीर मे महिन्यात तळ दाखवते आणि जुलैत काठोकाठ येते. त्यामुळे दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात "पंप वर घ्यायला हवा" असा ठराव होतो, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पंप बुडतो. मग वाइंडिंग जळतं, मोटर तालुक्याला जाते, आणि परत येते तेव्हा पाणी इतकं वर आलेलं असतं की तांब्यानं काढता येतं. ज्यांनी पाण्यातच बसणारी सबमर्सिबल घेतली ते यातून सुटले. तिला हवा धरण्याचं भय नाही, पाणी पाजायची भानगड नाही. तिचा दोष एकच, ती दिसत नाही. अण्णा म्हणतात, "न दिसणाऱ्या मोटरीवर लक्ष कसं ठेवायचं?"

यानंतरचा चोर घरातला. टाकी भरली हे आमच्याकडे कळतं ते पन्हळीवर पाणी पडायला लागलं की. त्याचा आवाज पहिल्यांदा शेजारी ऐकतात, कारण आमच्याकडे त्या वेळी मालिका लागलेली असते. शेजारी ओरडतात, आमच्याकडून "हो हो" येतं, आणि मालिकेतली सासू वाक्य पूर्ण करते तोवर आणखी पन्नास लिटर माडाच्या आळ्यात जातं. रोज दहा मिनिटं टाकी अशी वाहिली तर महिन्याला पाच युनिटं होतात, म्हणजे पंपाच्या पंधरातला तिसरा हिस्सा. पण हे नुकसान कुणी मानत नाही. "वाया थोडंच जातंय? माड पितो." आमचा तो माड पंचक्रोशीत सगळ्यांत महागडं पाणी पितो, आणि त्याला नारळ लागतात ते वानर खातात.

मुंबईच्या चुलतभावानं यावर इलाज म्हणून टाकीला एक बोलणारी पेटी आणून लावली. टाकी भरली की बाईच्या आवाजात हिंदीतून सांगते. पहिले काही दिवस आत्या तिला "हो गो, येते" असं उत्तर द्यायची. पुढे तारेला शेवाळ धरलं आणि पेटी रात्री-अपरात्री, टाकी रिकामी असताना, ती भरल्याचं सांगू लागली. तिचा आवाज बंद केला गेला. टाकी भरल्यावर पंप आपोआप बंद करणारं साधं तरंगतं स्विच मिळतं, ते बसवायला अण्णांचा विरोध आहे. पंप आपोआप बंद होऊ लागला तर त्यांनी सकाळी करायचं काय?

पंप खरोखर वीज खातो ते आगराला पाणी घालताना. माड, पोफळी, चार हापूसची कलमं, जायफळाची हौस. दिवेलागणीला शिंपणं सुरू होतं आणि दोन तास चालतं. रोजची दोन युनिटं, महिन्याची साठ. हजार लिटरच्या टाकीच्या चौपट. पण शिंपणं हे कर्तव्य आहे आणि टाकी ही चैन, म्हणून बोलणी टाकीला बसतात. शेताच्या पंपाचं नशीब आणखी वेगळं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत केली. तेव्हापासून अण्णा आमच्या एक एचपीच्या पंपाकडे बघून म्हणतात, "एवढा मोठा असतास तर फुकट चालला असतास."

शहरात हे प्रश्न नसतात असं समजू नये. तिथं ते इमारतीच्या उंचीचे होतात. सोसायटीच्या पंपाचं मीटर सामायिक. वार्षिक सभेत तळमजल्यावरचे विचारतात की पाणी सातव्या मजल्याच्या वर चढवायचे पैसे आम्ही का द्यायचे? सातव्या मजल्यावरचे म्हणतात, तुमच्या नळाला येणारं पाणीही आधी वर जाऊनच खाली येतं. दोन्ही बाजू बरोबर असल्यामुळे विषय पुढच्या सभेवर जातो. बंगल्यात नळाला जोर यावा म्हणून प्रेशर पंप बसवतात. तो नळ उघडला की सुरू होतो, मिटला की थांबतो. त्याच बंगल्यातल्या एखाद्या संडासाची फ्लशची टाकी थेंब थेंब गळत असली, की पंप रात्रभर दर पाच-दहा मिनिटांनी दचकून उठतो. मालक सकाळी वास्तुतज्ज्ञाला बोलावतात. प्लंबरला बोलवलं असतं तर स्वस्तात भागलं असतं.

खरा हिशेब कळायला ना वकील लागतो ना इंजिनिअर. तुमच्या मीटरवर एक लुकलुकणारा तांबडा दिवा आहे आणि त्याच्या शेजारी, बऱ्याच मीटरांवर, ३२०० असा आकडा छापलेला आहे. काहींवर १६०० असतो. तेवढ्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फक्त पंप लावा आणि मिनिटभर मोजा. ३२०० चं मीटर असेल तर एक किलोवॉटच्या पंपाला मिनिटात ५३-५४ लुकलुकी होतील. मग पंप बंद करून गिझर लावा आणि पुन्हा मोजा. दिवा दुप्पट वेगानं नाचेल.

अण्णांना हे दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वेळा नीट बघितलं, मान्य केलं, आणि संध्याकाळी वहिनीनं "पंप लावू का?" विचारलं तेव्हा म्हणाले, "लाव, पण गिझर बंद आहे ना ते बघ. दोन्ही एकदम नको. पंपाला त्रास होतो." आमच्या घरातला हा पंपाचा पहिला विजय.

तेव्हा वाचकहो, निकाल असा. आगराचं शिंपणं सोडलं तर घरगुती विहिरीवरचा पंप महिन्याला फार तर पंधरा-वीस युनिटं खातो, आणि त्यातली निम्मी आपण त्याच्या तोंडात कोंबलेली असतात. नवा पंप घेताना एचपी सांगू नका. विहीर किती खोल, टाकी किती उंच आणि घरात पाणी किती लागतं ते सांगा. फुटवॉल वर्षातून एकदा वर काढून बघा. पाइप पंपाच्या तोंडाच्या मापाचाच घ्या, मग जास्वंद हलवावी लागली तरी चालेल. टाकीला तरंगतं स्विच बसवा आणि घरातल्या ज्येष्ठांना दुसरं एखादं बटण द्या. एवढं करूनही पुढचं बिल उतरलं नाही, तर न्हाणीघरातल्या गिझरच्या पाइपाला जरा हात लावून बघा. गरम लागेल.